हळदीचा भाव आणि जीवशास्त्राची पदवी

जीवशास्त्र घेतलेल्या मुलाला डॉक्टरकीला प्रवेश मिळाला नाही की त्याला दुकानात बसवायचे, अशी आपल्याकडे रीत आहे. आम्हाला हा तोट्याचा सौदा वाटतो.

हिंगोली-वसमतच्या मोंढ्यात रंग, वास पाहून हळदीची बोली लागते. बाहेरचा मोठा खरेदीदार मात्र कुरकुमीन किती, हे विचारतो. प्रयोगशाळेत हळदीचा अर्क अल्कोहोलात काढतात आणि तो किती प्रकाश शोषतो, यावरून हे प्रमाण ठरवतात. पण एकाच पोत्यातली मूठ तपासली, तर आकडा फसवा निघतो. अनेक पोत्यांतून नमुना घेणे, चाचणी पुन्हा करणे, नोंद ठेवणे, हेच संशोधनाचे कौशल्य.

आपला जिल्हा नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत येतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या आराखड्यानुसार पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण मिळवणाऱ्यास चौथ्या वर्षी संशोधनासह पदवी घेता येते. ही सोय प्रत्येक कॉलेजात नसते. प्रवेशापूर्वी विचारून घ्यावे.

२०२४ साली वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले. माल आपल्या भागातला आहे. तो पारखणारा शास्त्रज्ञही आपल्याच घरातला का नसावा?