तलब

धर्माबादच्या स्टेशनात गाडी थांबली, की परगावच्या माणसाला आधी शिंक येते. उन्हाळ्याच्या तोंडावर तर विचारूच नका, मिरचीचा बाजार भरात असतो. आम्हा गावच्या माणसांना मात्र शिंक येत नाही, तोंडाला पाणी सुटते. चार वाजून गेलेले असले, तर मिरचीची भजी आणि सुशीला आठवतो. (मुरमुरे भिजवून फोडणीला टाकायचे आणि त्याला बाईचे नाव द्यायचे, हे कोणाला सुचले देव जाणे!)

या आठवण्याला आमच्याकडे शब्द आहे, तलब. पुण्या-मुंबईच्या लोकांना तल्लफ येते, आम्हाला तलब होते. ती भूक नव्हे. भूक भाकरीने भागते, तलबेला नेमकी तीच वस्तू लागते. पोटभर जेवून ओसरीवर टेकलेल्या माणसालाही तलब होते. किंबहुना त्यालाच जास्त.

शब्द मूळचा अरबी. अर्थ मागणी. विद्येची मागणी करतो तो 'तालिब-इल्म', म्हणजे विद्यार्थी. मोगली अमलात पगारालाही तलब म्हणत आणि कोर्टाचे समन्स बजावण्याच्या खर्चाला तलबाना. माझे वडील निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकलेले, पुढे कोर्टात कारकून. १९४८ साली संस्थान गेले, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला. वडिलांची तलब होती तिथेच राहिली. चहा हवा असला, की ते तोंडाने मागत नसत. रिकामा कप जमिनीवर जरासा वाजवून ठेवत. समन्स बजावले गेले, हे आई स्वयंपाकघरात ओळखायची. पुढे बँकेत डिमांड ड्राफ्टवर सह्या करताना मला तो कप हटकून आठवे.

पण हा शब्द घरात सगळ्यांच्या वाट्याला येत नसे, हे कळायला फार उशीर लागला. तलब वडिलांना होई, काकांना होई, पाहुण्यांना होई. आम्हा पोरांना व्हायची ती 'खा-खा'. "काय मेली खा-खा सुटलीय!" म्हणून पाठीत धपाटाही मिळे. बहिणीने चिंच मागितली, तर ती चटोर. आणि लग्न झालेल्या बाईला? तिला डोहाळे, तेही मोजून नऊ महिने. सुश्रुताने गर्भिणीला दोन हृदयांची म्हणून 'दौहृदिनी' म्हटले आहे. म्हणजे खावेसे वाटणेदेखील पोटातल्या जिवाच्या नावावर जमा. बँकेत अज्ञान मुलाच्या खात्यावर आई सही करते ना, तसेच.

आईला कधी काही हवेसे वाटले, असे मी पाहिले नव्हते. भज्यांचे घाण्यावर घाणे काढायची आणि शेवटी कढईतला चुरा भाकरीशी खायची. एकदा शाळा लवकर सुटली. घरी आलो, तर माजघरात ती एकटीच बसून तळलेली मिरची मिठाला लावून खात होती. मला पाहताच मिरची पदराखाली गेली. "मीठ बघत होते," म्हणाली. मिठात काय बघायचे असते, हे मी विचारले नाही. मला खेळायला जायचे होते.

२००९ साली ती अंथरुणाला खिळली. रक्तदाब, सूज, डॉक्टरांनी मीठ आणि तळलेले बंद केलेले. मी मार्चअखेरची कामे उरकून बदलीच्या गावाहून आलो होतो. दुपारी मला जवळ बोलावून ती हळूच म्हणाली, "बापू, तलब झाली रे. मिरचीच्या भज्याची."

उभ्या आयुष्यात पहिल्यांदा तिच्या तोंडी तो शब्द ऐकला. आणि मी काय म्हणालो? "आई, पथ्य आहे." ती बरं म्हणाली. पुन्हा मागितले नाही. मे महिन्यात गेली.

वर्षश्राद्धाच्या दिवशी बायकोने पानात मिरचीची भजी वाढली. मला राहवले नाही. म्हटले, जिवंतपणी दिली नाहीत, आता कशाला?

"तुम्ही नाही दिलीत," ती पदर सावरत म्हणाली. "तुम्ही गावात गेलात, तेव्हा मी दिलं होतं एक. मीठ न घालता. अर्धं खाल्लं आत्याबाईंनी."

"मग? काय म्हणाली?"

"म्हणाल्या, पुढच्या वेळी चिमूटभर घाल गं, त्याला नको सांगू."