रानपिंगळ्याची कैफियत

वाघ, हत्ती आणि गेंडा यांच्या रक्षणासाठी राखीव अरण्ये आहेत, स्वतंत्र निधी आहे आणि त्यांच्या संख्येत किंचित घट झाली तरी वृत्तपत्रांचे रकाने भरून निघतात. परंतु खानदेशच्या सागवानी जंगलात राहणारा, जेमतेम वीतभर उंचीचा रानपिंगळा शंभराहून अधिक वर्षे शास्त्राच्या दप्तरातून नाहीसा झाला होता, तरी त्याची दाद घेणारे फारच थोडे होते.

या पक्ष्याचा पहिला नमुना आजच्या छत्तीसगडमधील फुलझर परिसरात ब्लेविट नावाच्या अधिकाऱ्याने 1872 साली मिळविला आणि पुढच्याच वर्षी अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी, ज्यांना आपण राष्ट्रीय सभेचे एक संस्थापक म्हणून ओळखतो, त्याचे शास्त्रीय वर्णन करून त्याला ब्लेविटचे नाव दिले. त्यानंतर जेम्स डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्याने खानदेशात आणखी काही नमुने गोळा केले. त्यांतला शेवटचा 1884 सालचा.

पुढे जे घडले ते मला या साऱ्या प्रकरणातील सर्वांत दुःखद वाटते. रिचर्ड माइनर्ट्‌झहागन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने संग्रहालयातला डेव्हिडसनचाच एक नमुना लांबविला, त्यात नव्याने पेंढा भरला आणि तो आपण 1914 साली गुजरातेत मांडवीजवळ मिळविल्याची चिठ्ठी त्याला बांधली. संग्रहालयांच्या कपाटांतून या जातीचे हा नमुना धरून अवघे सात नमुने उरले असताना, त्यांतल्या एकाची नोंद खोटी असणे म्हणजे सगळ्या तपासालाच चुकीची वाट दाखविणे होते. ही अफरातफर अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी उघडकीस आणली, मांडवीची नोंद बाद केली आणि उरलेल्या विश्वसनीय नोंदींवर भिस्त ठेवून त्या आपल्या सहकाऱ्यांसह थेट जुन्या मुलुखात आल्या; आणि 1997 च्या नोव्हेंबरात शहाद्याजवळच्या जंगलात, भर उजेडात, एका झाडावर उन्हात बसलेला रानपिंगळा त्यांना दिसला.

भर उजेडात, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. गावातल्या वडा-पिंपळावर कलकलाट करणारा आपला नेहमीचा पिंगळा डोक्यावर पांढरे ठिपके मिरवितो आणि मुख्यतः संध्याकाळनंतर हिंडतो. रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ बिनठिपक्यांचे, पोट पांढरेशुभ्र आणि पंखांवरचे व शेपटीवरचे पट्टे ठळक असतात, आणि तो दिवसाही सरडे, उंदीर, नाकतोडे टिपताना आढळतो. त्याला घरट्यासाठी ढोली असलेले जुने झाड लागते, आणि नेमके तेच झाड आपल्या हिशेबात निरुपयोगी ठरून प्रथम तोडले जाते.

पुढील वर्षांत मेळघाट, यावल, मध्य प्रदेशातील खंडवा, गुजरातचा डांग आणि 2014 साली मुंबईपासून फार दूर नसलेले तानसा अभयारण्य येथेही तो आढळला. त्यामुळे 2018 साली धोक्यातील जातींच्या आंतरराष्ट्रीय यादीत त्याचा दर्जा ‘अतिसंकटग्रस्त’ऐवजी ‘संकटग्रस्त’ असा झाला, तरी जगातील प्रौढ पक्ष्यांची संख्या हजाराहून कमीच असावी असा अंदाज आहे. मेळघाटात वाघाच्या छत्राखाली त्यालाही आसरा मिळतो. खानदेशातल्या तळोद्याच्या जंगलात असे छत्र नाही. तेथील राखीव वनाचा मोठा भाग नर्मदेच्या धरणग्रस्तांच्या पुनर्वसनासाठी शेतीखाली गेला. ज्यांची घरे बुडाली त्या लोकांचा हक्क मी अमान्य करणार नाही. परंतु उरलेल्या वनावर नित्य पडणारी कुऱ्हाड, उन्हाळ्यातले वणवे आणि वाढती अतिक्रमणे यांना तरी त्या न्यायाची सबब देता येणार नाही.

म्हणून माझे वाचकांस निवेदन एवढेच आहे, की सातपुड्याच्या किंवा तानसाच्या रानात गेलात आणि बिनठिपक्यांच्या डोक्याचा पिंगळा दिसला, तर स्थळ, तारीख व वेळ यांची खरी नोंद करून ती वनखात्याकडे पाठवा, घरट्याचा ठावठिकाणा मात्र छायाचित्रांच्या हौसेपायी जाहीर करू नका. आणि आपल्या शेताच्या बांधावर ढोलीचे एखादे जुने झाड उभे असेल, तर ते तोडू नका.