३५ डॉलरची तबकडी

क्रोमकास्ट ऑडिओ ही पाच सेंटिमीटरहून किंचित अधिक व्यासाची, तीसेक ग्रॅम वजनाची काळी प्लास्टिकची चकती. पाठीवर ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या वर्तुळाकार रेघा आणि कडेला दोन खाचा: एक मायक्रो-यूएसबी वीजजोडणीसाठी, दुसरी साडेतीन मिलिमीटरच्या पिनेसाठी. बारीक दिवा एक, बटण एक. पडदा नाही, रिमोट नाही. जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला किंवा स्पीकरला इंटरनेटवरचे संगीत बिनतारी पुरवणे एवढेच तिचे काम. गूगलने ती २९ सप्टेंबर २०१५ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत जाहीर केली, किंमत ३५ डॉलर. पुढच्या एप्रिलमध्ये ती भारतात ३,३९९ रुपयांना मिळू लागली आणि जानेवारी २०१९ मध्ये तिचे उत्पादन बंद झाल्याचे कळले. स्वस्त स्ट्रीमर कसा पारखावा हे समजून घ्यायला आजही तीच सोयीची आहे. तिच्यातला आवाजाचा भाग स्वस्तात चांगला जमला होता. ज्या अडचणी आल्या त्या बहुतेक चकतीच्या बाहेरच्या होत्या.

कल्पना नवी नव्हती. स्लिम डिव्हायसेस या छोट्या अमेरिकन कंपनीने २००१ मध्येच संगणकातली एमपी३ गाणी घरच्या स्टीरिओवर वाजवणारी पेटी विकायला काढली आणि २००३ मध्ये तिचा पुढचा अवतार, स्क्वीझबॉक्स, आणला. २००२ मध्ये स्थापन झालेल्या सोनोसने खोल्याखोल्यांत एकच गाणे वाजवण्याचा धंदा उभा केला. अ‍ॅपलचे एअरपोर्ट एक्सप्रेस २००४ मध्ये १२९ डॉलरला आले. गूगलने यात भर घातली ती मुख्यतः किमतीची.

अ‍ॅपमध्ये गाणे निवडून कास्टचे चिन्ह दाबले की गाणे फोनमधून चकतीकडे जाते, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात फोन फक्त पत्ता कळवतो. चकती वायफायवरून स्वतःच त्या पत्त्यावर जाते, संगीत थोडे थोडे उतरवून घेते आणि वाजवते. फोन घेऊन माणूस भाजी आणायला गेला तरी घरात गाणे चालू राहते, आणि मध्येच कोणाचा फोन आला तर त्याची रिंग स्पीकरमधून घुमत नाही. ब्लूटूथची रीत वेगळी: तिथे फोन आलेले संगीत उलगडतो, पुन्हा दाबून लहान करतो आणि सतत ढकलत राहतो. सर्वत्र चालणाऱ्या एसबीसी पद्धतीत हा ओघ चांगल्या दर्जाला सेकंदाला सुमारे ३२८ किलोबिट असतो. सीडीचा ओघ १,४११ किलोबिट, तर ९६ किलोहर्ट्झ आणि २४ बिटच्या ध्वनिमुद्रणाचा ४,६०८. डिसेंबर २०१५ पासून चकती हा शेवटचा दर्जाही घेऊ लागली. घरगुती वायफायला एवढे ओझे किरकोळ आहे.

आकड्यांची विद्युत्-लहर करण्याचे काम चकतीत जपानच्या असाही कासेई समूहाची एके४४३० ही चिप करते. तिच्या तांत्रिक पत्रकात क्षीणतम ते मोठ्यात मोठ्या आवाजाचा पल्ला १०४ डेसिबेल दिला आहे. एका बिटला साधारण सहा डेसिबेल, या हिशेबाने हे सतरा बिट झाले. सीडी सोळा बिटची असते. तिच्यात मुद्रित झालेला हळुवारातला हळुवार स्वर ही चिप खरखरीत बुडू न देता पोचवते. २४ बिटच्या फाइलीतल्या उरलेल्या सात बिटांना मात्र तिच्याकडे जागा नाही. ती पुरती महागड्या यंत्रांतही नसते, पण जाहिरातीत हा हिशेब कोणी मांडत नाही.

पारख करताना चुकते ते दुसरीकडेच. चकतीच्या सेटिंगमध्ये ‘फुल डायनॅमिक रेंज’ नावाचा पर्याय आहे. तो मुळात बंद असतो, कारण चकती छोट्या स्पीकरला जोडली जाईल असे गृहीत धरलेले असते. तो चालू केला की अ‍ॅम्प्लिफायरला सीडी प्लेअरइतका, म्हणजे सुमारे दोन व्होल्टचा, संदेश मिळतो. पर्याय बंद ठेवून तिची तुलना सीडी प्लेअरशी केली तर ती मुळमुळीत वाटते. कान किंचित मोठ्या आवाजाला चांगला आवाज म्हणतो, त्यामुळे दोन यंत्रांची पातळी आधी समान करून घ्यावी लागते, शक्य तर मीटरने. मग कोणते यंत्र वाजते आहे हे ऐकणाऱ्याला कळू न देता तुलना करायची. अशा कसोटीत पाच हजारांच्या आणि पन्नास हजारांच्या यंत्रांतले बरेच अंतर नाहीसे होते. गंमत अशी की ही कसोटी घ्यायला काहीच खर्च येत नाही, आणि तरीही ती क्वचितच घेतली जाते.

साडेतीन मिलिमीटरची खाच साधी दिसते, पण तिच्या तळाशी लाल दिवा आहे. नेहमीची पिन खोचली की तांब्यातून विद्युत्-लहर मिळते. टोक बारीक केलेली काचतंतूची किंवा प्लास्टिकतंतूची ऑप्टिकल केबल खोचली तर त्याच खाचेतून प्रकाशाच्या रूपात आकडे बाहेर पडतात आणि चकतीतली चिप वगळून बाहेरच्या चांगल्या डॅकला, म्हणजे आकड्यांची विद्युत्-लहर करणाऱ्या वेगळ्या यंत्राला, देता येतात. तोशिबाने १९८३ मध्ये आणलेल्या टॉसलिंक जोडणीची ही छोटी आवृत्ती. एअरपोर्ट एक्सप्रेसमध्येही अशीच दुहेरी खाच होती. प्रकाशमार्गाचा खरा फायदा आवाजाच्या सफाईपेक्षा विजेशी निगडित आहे: दोन यंत्रे तारेने जोडलेली नसल्याने अर्थिंगचे वेटोळे तयार होत नाही.

भारतीय घरांत हे महत्त्वाचे ठरते. जुना सोनोडाइन किंवा फिलिप्सचा अ‍ॅम्प्लिफायर एका सॉकेटवर, चकतीचा अ‍ॅडाप्टर दुसऱ्यावर, अर्थिंग बेताचे, अशी मांडणी असली की स्पीकरमधून घुमी गुणगुण येते. वीज ५० हर्ट्झची, आणि तिच्यापासून एकदिश प्रवाह करताना उरणारा तरंग १०० हर्ट्झचा. काळी एकमध्ये लावलेल्या पुरुषी तंबोऱ्यात मंद्र पंचमाची तार सुमारे १०४ हर्ट्झला बोलते. अशा तंबोऱ्यासोबत १०० हर्ट्झची गुणगुण मिसळली तर सेकंदाला सुमारे चार ठोके पडून पंचम थरथरतो, आणि ऐकणाऱ्याला वाटते तंबोराच नीट जुळलेला नाही. पाश्चात्त्य पॉप संगीतावर घेतलेल्या चाचणीत हा दोष सहज लपतो. म्हणून पारख गाण्याने सुरू न करता शांततेने करावी: संगीत थांबवायचे, अ‍ॅम्प्लिफायर नेहमीपेक्षा वर न्यायचा आणि स्पीकरजवळ कान न्यायचा. तारेच्या जोडणीत गुणगुण असेल आणि ऑप्टिकलमध्ये नसेल, तर दोष चकतीचा नव्हे, घरातल्या विजेचा.

या साऱ्यापेक्षा चकतीतले घड्याळ अधिक विलक्षण आहे. प्रत्येक डिजिटल ध्वनियंत्रात क्वार्ट्झचा एक स्फटिक असतो. सीडीचा दर सेकंदाला ४४,१०० आकड्यांचा, आणि त्यांतला प्रत्येक नेमका केव्हा वाजवायचा ते स्फटिकाच्या कंपनावरून ठरते. स्वस्त स्फटिकाची चूक दहा लाखांत पन्नास भाग, म्हणजे सेकंदाला ५० मायक्रोसेकंद, असू शकते. स्वरावर याचा परिणाम कोणत्याही कानाला कळण्यापलीकडचा. पण चूक साठत जाते: दिवसभरात चार सेकंदांहून जास्त.

एकटी चकती असताना हे साठणे निरुपद्रवी असते. ती आपल्या घड्याळाप्रमाणे वाजवते आणि साठा कमी झाला की सर्व्हरकडून पुढचा भाग मागून घेते. सर्व्हरला घाई नसते. थेट प्रक्षेपणात मात्र ओघाचा वेग पलीकडचे घड्याळ ठरवते. दोन घड्याळांत फरक असला की तासन्‌तास वाजणाऱ्या इंटरनेट रेडिओचा साठा हळूहळू आटतो किंवा तुंबतो आणि कधीतरी एक उचकी लागते. नेट गेले असेल असे समजून घरचे राउटरकडे पाहतात.

डिसेंबर २०१५ च्या ज्या अपडेटने ९६ किलोहर्ट्झ आणले, त्यानेच अनेक खोल्यांतल्या चकत्या एकत्र वाजवण्याची सोयही दिली. इथे स्फटिकांची गाठ एकमेकांशी पडते. दोन चकत्यांत दहा लाखांत वीस भागांचा फरक असेल तर तासाभरात त्या ७२ मिलिसेकंदांनी दुरावतील. हेल्मुट हास या जर्मन संशोधकाने १९४९ मध्ये मांडले की मूळ आवाजापाठोपाठ तीसेक मिलिसेकंदांच्या आत आलेला दुसरा आवाज कान पहिल्यातच मिसळून घेतो. त्यापुढे तो प्रतिध्वनी म्हणून वेगळा काढू लागतो. म्हणजे दिवाणखान्यातला आणि स्वयंपाकघरातला तबला अर्ध्या तासातच एकमेकांच्या मात्रा चुकवू लागेल. उपाय म्हणून गटातले एक यंत्र वेळेचा मुखत्यार होते. बाकीची त्याला वारंवार वेळ विचारतात, संदेश जायला-यायला लागलेला अवधी वजा करतात आणि आपले वाजवणे केसभर पुढे-मागे सरकवतात. वायफायवर हा अवधी क्षणाक्षणाला बदलतो, म्हणून अनेक मापांतले विश्वासार्ह निवडावे लागते. आवाज हवेत एका मिलिसेकंदात ३४ सेंटिमीटर जातो. खोलीत दोन पावले सरकल्याने पडतो त्याहून कमी फरक राखण्याचे हे काम ३५ डॉलरची वस्तू निमूटपणे करत होती. तिच्यात कौतुक करण्यासारखे काही असेल तर ते हेच. अ‍ॅम्प्लिफायर स्वतः डिजिटल प्रक्रिया करत असेल तर त्याच्याकडून होणारा उशीर चकतीला कळत नाही. त्यासाठी अ‍ॅपमध्ये हाताने दुरुस्ती करण्याची सोय नंतर दिली गेली.

अडचणी इथून पुढे. फोनने चकती शोधायची पद्धत म्हणजे घरच्या नेटवर्कवर सगळ्यांना ऐकू जाईल अशी हाक मारणे. काही राउटर अशा हाका पुढे पाठवत नाहीत, काहींवर पाहुण्यांच्या जाळ्यातली यंत्रे एकमेकांना दिसतच नाहीत. मग चकती चालू असून अ‍ॅपमध्ये उगवत नाही. जानेवारी २०१८ मध्ये याच्या उलटे झाले. झोपेतून उठलेले अँड्रॉइड फोन साचलेल्या हाका एकदम सोडू लागले आणि त्या लोंढ्याने अनेक घरांतले राउटर बंद पडले. गूगलने सॉफ्टवेअर दुरुस्त केले. इमारतीतल्या दाटीचा प्रश्न मात्र कायम आहे: २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच, आणि ५ गिगाहर्ट्झचा पट्टा मोकळा असला तरी काँक्रीटच्या भिंतींपुढे लवकर थकतो.

दुसरी अडचण संगीतातली. एक ट्रॅक संपल्यावर चकती दुसरा पत्ता उघडते, त्यात क्षणभर शांतता पडते. चित्रपटगीतांना याने काही होत नाही. पण मैफलीच्या ध्वनिमुद्रणात विलंबित आणि द्रुत वेगळ्या ट्रॅकवर असतील तर समेवर येता येता आवाज तुटतो, टाळ्यांचा कडेलोट होतो. आठ आवर्तनांची तयारी करून गायक जिथे पोचतो तिथेच खड्डा. स्ट्रीमर घेताना शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्याने विचारायचा पहिला प्रश्न बिटांचा नसून या खंडाचा आहे.

तिसरी न्यायालयातली. जानेवारी २०२० मध्ये सोनोसने गूगलवर पेटंटभंगाचा दावा लावला, आणि जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने पाच पेटंटांचा भंग झाल्याचा निर्णय दिला. परिणामी गटातल्या सगळ्या स्पीकरांचा आवाज एकदम कमी-जास्त करण्याची सोय काढली गेली आणि प्रत्येक खोलीचा वेगळा बदलावा लागू लागला. विकत घेतलेल्या, भिंतीमागे लावून टाकलेल्या वस्तूचा गुण असा मागाहून कमी होऊ शकतो, हे बहुतेक ग्राहकांना तेव्हा प्रथमच कळले.

सर्वांत मोठी अडचण ९ मार्च २०२५ रोजी आली. त्या दिवशी जगभरचे दुसऱ्या पिढीचे (टीव्हीसाठीचे) क्रोमकास्ट आणि क्रोमकास्ट ऑडिओ एकाच वेळी नाकारले जाऊ लागले. फोन सांगत होता की हे यंत्र विश्वासार्ह नाही. यंत्रांत काहीही बिघडले नव्हते. प्रत्येक यंत्रात ते अस्सल असल्याचे डिजिटल प्रमाणपत्र असते, त्याला हमी देणारे एक मधले प्रमाणपत्र असते, आणि ते मधले २०१५ मध्ये दहा वर्षांच्या मुदतीने काढलेले होते. मुदत संपली. फॅक्टरी रीसेट करू नका, असे गूगलने कळवले. तोवर अनेकांनी नेमके तेच करून पाहिले होते, आणि पुसलेले यंत्र नव्याने जोडतानाही तीच तपासणी आडवी येत होती. काही दिवसांत दुरुस्ती पोचली. रीसेट केलेल्यांना अ‍ॅपच्या वेगळ्या अपडेटची वाट पाहावी लागली. उत्पादन थांबून सहा वर्षे झालेल्या वस्तूसाठी कंपनीने हे केले, ही नोंद तिच्या बाजूने करायला हवी. ते करायला ती बांधील नव्हती, हीही.

म्हणून आज जुनी चकती घेताना आधी ती एका फोनवर पूर्ण पुसून नव्याने जोडून पाहावी. नव्या पर्यायांत लिंकप्लेच्या वीम मालिकेतला मिनी हा शंभर डॉलरच्या आतबाहेरचा, ऑप्टिकल जोडणी देणारा. त्याला एअरप्ले २ आणि स्पॉटिफाय कनेक्ट येते, गूगलचे कास्ट येत नाही. ज्याला हाताने जुळवाजुळव जमते त्याने रास्पबेरी पायवर डॅकची पाटी बसवून व्हॉल्युमिओ किंवा मूड हे सॉफ्टवेअर चालवावे. पुढे लॉजिटेककडे गेलेली स्क्वीझबॉक्सची उत्पादन-ओळ त्या कंपनीने २०१२ मध्ये बंद केली आणि त्याची ऑनलाइन सेवा २०२४ मध्ये. परंतु त्याचा सर्व्हर मुक्त सॉफ्टवेअर होता. तो आता लिरियन म्युझिक सर्व्हर या नावाने स्वयंसेवक सांभाळतात, घरच्याच संगणकावर चालतो आणि जुन्या पेट्यांसह रास्पबेरी पायलाही खंड न पाडता मैफल ऐकवतो.