संगीत पदवीधरांची उमेदवारी

बडोदे शहरानजीकचे कोयली हे गाव तेथील तेलशुद्धीकरण कारखान्यामुळे देशभर परिचित आहे. १९६५ साली उत्पादन सुरू झालेल्या या कारखान्याच्या परिसरात ‘शिकाऊ उमेदवार’ म्हणजे काय, हे कोणास समजावून सांगावे लागत नाही. शिकाऊ उमेदवारी अधिनियम, १९६१ अन्वये तरुण ठरावीक मुदतीपर्यंत प्रत्यक्ष काम शिकतो, त्यास दरमहा विद्यावेतन मिळते व अखेरीस प्रमाणपत्र हाती येते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात संगीताचेही पदवी शिक्षण दिले जाते. तेथे गायन वा वादन शिकणाऱ्या विद्यार्थ्यास अशाच उमेदवारीचा लाभ कसा व्हावा, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे.

बडोद्याची परंपरा

कलावंताच्या उपजीविकेचा विचार बडोदे संस्थानात फार पूर्वीच झाला होता. सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने १८८६ साली मौलाबक्ष यांनी गायनशाळा सुरू केली. स्वरलेखन, क्रमिक पुस्तके व ठरलेल्या वेळेचे वर्ग यांमुळे संगीत सर्वसामान्यांच्या आवाक्यात आले. दरबारी गायक-वादकांसाठी ‘कलावंत कारखाना’ हे स्वतंत्र खाते होते आणि त्यांची कर्तव्ये व रजा लेखी नियमांनी ठरत. उस्ताद फैयाज खाँ यांच्यासारखे थोर गायक या दरबारात होते. संस्थाने विलीन झाली आणि तो आश्रय संपला. आज पदवीधरास आपला मार्ग स्वतःच शोधावा लागतो.

कायद्याची तरतूद

२०१४ च्या दुरुस्तीने हा अधिनियम बिगर-अभियांत्रिकी पदवीधरांनाही खुला झाला. तथापि, शिकाऊ उमेदवार घेण्याचे बंधन ३० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांवर आहे. संगीतसंस्था, ध्वनिमुद्रणगृहे व नाट्यमंडळ्या बहुधा याहून लहान असतात. त्यामुळे कारखान्यातील उमेदवारास जे कायद्याने मिळते, ते संगीताच्या विद्यार्थ्यास प्रयत्नपूर्वक मिळवून द्यावे लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केलेल्या पदवी अभ्यासक्रमाच्या आराखड्यात कार्यानुभवास २ ते ४ श्रेयांक दिले आहेत. त्यासाठी ६० ते १२० तास काम अपेक्षित आहे.

या तासांत काय शिकावे?

शाळेत काम करणारा विद्यार्थी पन्नास मुलांच्या गळ्यांना पेलेल अशी पट्टी निवडण्यास शिकतो. मैफलीतील स्वतःची पट्टी तेथे उपयोगी पडत नाही. ध्वनिमुद्रणगृहात ध्वनिक्षेपकापासूनचे अंतर व वेळेची शिस्त कळते. संग्रहालयात जुन्या ध्वनिफिती ऐकून राग, ताल, कलाकार व दिनांक यांची सूची करता येते. वाद्यनिर्मितीच्या गावी, उदाहरणार्थ मिरजेस, तंबोऱ्याची जवारी कशी लावतात हे कारागिराच्या हाताखाली पाहता येते. करार वाचणे हाही शिक्षणाचाच भाग होय. स्वामित्व हक्क कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने चित्रपटगीतांच्या गीतकार-संगीतकारांचा मानधनातील वाटा सुरक्षित केला. परंतु ज्यास आपला हक्क ठाऊक नाही, त्यास तो मागता येत नाही.

दक्षता

‘अनुभव मिळतो’ या सबबीवर विद्यार्थ्याकडून केवळ सतरंज्या घालणे व तिकिटे विकणे अशी कामे करून घेणे गैर आहे. विनावेतन राबणे सामान्य घरच्या मुलास परवडत नाही. मग कलेचे क्षेत्र सुस्थितीतील मुलांपुरतेच उरते. पूर्वी शिष्य गुरुगृही राहून सेवा करी, तेव्हा त्याच्या भोजन-निवासाचा भार अनेकदा गुरूच उचलीत असे. यास्तव कामाचे स्वरूप, तास, मार्गदर्शकाचे नाव व विद्यावेतन, निदान प्रवासखर्च, हे आरंभीच लेखी ठरवावे.

गावाचा वाटा

याबाबत ग्रामीण शाळाही पुष्कळ करू शकतात. संगीतशिक्षक नसलेल्या शाळेने जवळच्या महाविद्यालयास पत्र पाठवून एका सत्रासाठी विद्यार्थी मागवावा. ग्रामपंचायतीने त्याच्या निवासाची सोय करावी व गावातील भजनी मंडळाशी त्याचा परिचय करून द्यावा. त्या मंडळातील वडीलधाऱ्यांकडूनही त्यास शिकण्यासारखे असते. शिक्षकांनी कामाची नोंदवही ठेवून अखेरीस अभिप्राय द्यावा. अधिकाऱ्यांनी आपल्या क्षेत्रातील अशा इच्छुक शाळांची यादी महाविद्यालयांस पुरवावी. असे झाल्यास मुलांस सुरांची ओळख होईल आणि पदवीधरास आपल्या विद्येवर उभे राहण्याचे पहिले बळ लाभेल.