मुंबईतल्या पोराची सायकल



आपल्यापैकी पुष्कळ घरांतले एखादे पोर आता मुंबईत असते. कुणी अंधेरीला, कुणी बोरिवलीला. गावी आले की त्याच्या बोलण्यातल्या निम्म्या गोष्टी आपल्याला उमगत नाहीत, आणि पैशाची गोष्ट निघाली तर मुळीच नाहीत. मध्यंतरी असेच एक शेतकरी माझ्याकडे आले. त्यांचा मुलगा मुलुंडला राहतो आणि घाटकोपरला नोकरीला जातो, तोही सायकलने. त्याने फोनवर कळवले होते, की सायकलच्या पुढच्या चिमट्यातला शॉकॲब्सॉर्बर माझ्या वजनाप्रमाणे खास जुळवून घ्यायचा आहे, पैसे पाठवा. त्या रकमेत एक चांगली शेळी आली असती.

"साहेब, सायकल घेऊन दोन वर्षं झाली नाहीत. ही गरज म्हणायची का हौस?" त्यांनी विचारले.

माझी बहीण मुलुंडलाच असते. तिच्याकडे जाणे झाले तेव्हा म्हटले, सायकल डोळ्यांनी पाहू आणि मग बोलू.

तुम्ही जुन्या काळ्या सायकलच्या सीटखाली दोन स्प्रिंगा पाहिल्या आहेत. खड्ड्यातला हादरा त्या थोडा गिळत. डोंगरात चालवायच्या सायकलीला तीच सोय पुढच्या चिमट्यात असते. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या तरुणांनी 1970 च्या दशकात जुन्या सायकली डोंगरउतारावरून पळवल्या, त्यातून या सायकली निघाल्या. चिमट्याच्या एका नळीत स्प्रिंग किंवा कोंडलेली हवा, आणि दुसरीत बहुधा तेल. हवा हादरा झेलते, तेल चिमट्याला एकदम उसळू देत नाही.

आता ट्रॅक्टरचे सीट आठवा. चांगल्या सीटखाली वजनाप्रमाणे फिरवायची मूठ असते. चाळीस वर्षांच्या धिप्पाड गड्यासाठी लावलेल्या सीटवर अंगाने बारीक पोर बसले तर सीट हलतच नाही आणि सगळा मार कंबरेला. मुलाचे नेमके तेच झाले होते. त्याचे वजन 52 किलो. दुकानातून चिमट्यात जेवढी हवा भरून आली, तेवढीच अजून होती. चाकांतही 60 पौंड ठासलेली. लालबहादूर शास्त्री मार्गावरचे खड्डे आणि उखडलेले पेव्हर ब्लॉक यांवरून रोज जाऊन त्याच्या मनगटांना मुंग्या येत होत्या. तेव्हा त्याची तक्रार खरी होती. हे मी त्याच्या वडिलांना आधी सांगितले.

पण तक्रार खरी असली म्हणजे औषधही तेच असे नाही. 2015 पासून मृद आरोग्य पत्रिका निघते आहे, तरी आपण अजून शेजाऱ्याने टाकले म्हणून खताची गोणी आणतोच ना? इथेही आधी माती तपासायची. चिमट्याच्या नळीवर एक रबरी कडे असते. मुलाला भिंतीला टेकून सायकलवर बसवले, पाठीवर रोजची डब्याची आणि कॉम्प्युटरची पिशवी देऊन. (पिशवीशिवाय माप घेणे म्हणजे बांधावरची माती तपासणे.) कडे खाली सारले आणि त्याला अलगद उतरवले. 100 मिलिमीटर दबणारा चिमटा त्याच्या वजनाने जेमतेम 8 मिलिमीटर दबला होता. अशा वापरात तो 15 ते 20 दबायला हवा. खडकाळ उतारावर चालवणारे त्याहून जास्त ठेवतात.

शेजारच्या सायकलवाल्याकडून काट्याचा छोटा हातपंप आणला. चिमट्याची हवा याच पंपाने भरावी. पेट्रोलपंपावरच्या कॉम्प्रेसरचे काम नव्हे, नळीतली जागा लहान असते आणि सील फाटते. हवा कमी करत 19 मिलिमीटरवर आणली. चाकांत 35 पौंड ठेवले. पोराने गल्लीतल्या गतिरोधकांवरून दोन फेऱ्या मारल्या आणि हसत आला. खर्च म्हणाल तर सायकलवाल्याला पाजलेला चहा.

वडिलांना वाटले, संपले. मला मात्र एक गोष्ट खटकली. चिमट्याच्या खाली लाल बटण असते, काहींवर ससा आणि कासव काढलेले असते. दबलेला चिमटा किती वेगाने वर यावा ते त्याने ठरते. हलक्या माणसाची हवा कमी, म्हणून तेलाची अडवणूकही कमी लागते. आम्ही बटण सशाच्या टोकापर्यंत फिरवले तरी चिमटा सावकाशच वर येत होता. असे झाले की लागोपाठच्या खड्ड्यांत तो दबलेलाच राहतो आणि तिसऱ्या-चौथ्या खड्ड्याला हाताला दणका बसतो. म्हणजे पोराचे म्हणणे अगदीच पोकळ नव्हते.

खास जुळवणी करणारे मिस्त्री तेलाचा भाग उघडून पिस्टनवरच्या पत्र्याच्या पातळ चकत्या बदलतात. तेल कुठून, किती जोराने जाईल ते त्यावर ठरते. फार हलका किंवा फार जड माणूस असेल, शर्यतीत उतरणारा असेल, चिमटा भारी असेल आणि सगळी बटणे टोकाला नेऊनही भागत नसेल, तर हा खर्च मी वायफळ म्हणणार नाही. स्वस्त सायकलीच्या चिमट्यात नुसती स्प्रिंग असते, तेल बहुधा नसतेच. तिथे आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

या मुलाचा चिमटा बरा होता, पण तो शर्यतीवाला नव्हे. रोजचा डांबरी रस्ता, रविवारी कधी आरे, कधी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातला कान्हेरी लेण्यांकडे जाणारा रस्ता. आणि मी विचारले, सर्व्हिसिंग कधी केलेस? तो गप्प. काही कंपन्या 50 तास चालवल्यावर चिमट्याची खालची बाजू धुऊन तेल घालायला सांगतात. रोज जाऊन-येऊन सव्वा तास चालवणाऱ्याचे 50 तास दोन महिन्यांत भरतात. याने दोन पावसाळ्यांचा चिखल आत तसाच ठेवला होता. डिझेल इंजिनाचे तेल असे विसरला असता तर बापाने घरात घेतले नसते.

तेव्हा आम्ही तिघांनी ठरवले, आधी सर्व्हिसिंग. सील आणि तेल नवे. कंपनीच्या पुस्तिकेत चालत असेल तर तेल एक नंबर पातळ घालायला मिस्त्रीला सांगायचे. निम्मे पैसे मुलाने पगारातून द्यायचे, निम्मे वडिलांनी. चकत्यांचा विषय दिवाळीनंतर, तोही लाल बटण तेव्हाही सशाच्या टोकालाच अडले तर.

परवा मुलाचा फोन आला होता. बटण टोकापासून तीन खटके अलीकडे बसले आहे, आणि बोटांच्या मुंग्या गेल्या आहेत. वडील विचारत होते, हातपंप केवढ्याला मिळतो.