'वावोना'चं शेवटचं दशक

मार्च २००९ मध्ये सिएटलच्या लेक युनियनवर 'वावोना'ला ओढत गोदीत नेलं आणि तोडलं. दीड दशक उलटून गेलं, माझा राग काही निवत नाही.

तिचं आधीचं आयुष्य थोडक्यात उरकतो. १८९७ साली कॅलिफोर्नियात हम्बोल्ट उपसागराकाठी हान्स बेंडिक्सन या मूळच्या डॅनिश कारागिराने बांधलेली तीन डोलकाठ्यांची स्कूनर. पश्चिम किनाऱ्यावर इमारती लाकूड वाहिलं. १९१४ पासून बेरिंग समुद्रात कॉड मासळीला जाऊ लागली. छोट्या होड्यांतून माणसं गळ टाकायची आणि मासळी हिच्या पोटात मिठात मुरायची. दुसऱ्या महायुद्धात लष्कराने तिची बार्ज केली, १९४७ नंतर धंदा संपला. १९६४ मध्ये सिएटलकरांनी वाचवण्यासाठी विकत घेतली, १९७० मध्ये राष्ट्रीय वारशाच्या यादीत नाव लागलं. झालं, आता वाचली असं सगळ्यांनी धरून चालायला सुरुवात केली!

मी गाठली ती तिची अखेरची दहा वर्षं. मी कोकणातला, इथे नोकरीला आलेला. सुट्टीच्या दिवशी डेकवर पडेल ते काम करायचो. एकदा बाजूच्या फळीवर स्क्रूड्रायव्हर जरा दाबला, तर मुठीपर्यंत आत. बाहेर आला तो ओला, तपकिरी भुसा घेऊन. खारं पाणी लाकूड राखतं आणि पावसाचं पाणी कुजवतं, हे आमच्याकडे होडीवाल्याचं पोरही सांगेल. इथे पाऊस सिएटलचा आणि खाली तळं गोडं. शिवाय भुंगे होतेच.

बैठकांत एकच रड. देणगीदार म्हणत, आधी दुरुस्ती दाखवा. आम्ही म्हणायचो, आधी पैसे द्या. गावात सॉफ्टवेअरचा पैसा मावत नव्हता. एका बड्या असामीने सुकाणूपाशी फोटो तेवढे काढून घेतले, चेक आलाच नाही.

नेमक्या त्याच काळात, २००४ ते २००७, बेंडिक्सननेच १८९५ मध्ये बांधलेल्या 'सी. ए. थेअर'ची जवळजवळ नव्याने बांधणी झाली. ती सॅन फ्रान्सिस्कोत, राष्ट्रीय उद्यान खात्याच्या मालकीची. आमची वर्गणीवर जगणारी. थेअरचं बरंचसं लाकूड बदललं म्हणून 'हे ते जहाज नव्हेच' असं नाक मुरडणारे भेटतात. मुरडोत बापडे. तरंगतंय ना?

वावोनाच्या लाकडातून जॉन ग्रेड यांनी घडवलेलं उंच शिल्प आता त्याच तळ्याकाठच्या संग्रहालयात आहे. देखणं आहे, कबूल. लोक आत शिरून वर बघतात, सेल्फी काढतात, 'वारसा जपलात हो' म्हणतात. अहो, ती धक्क्याला उभी होती तेव्हा कुठे होतात?