शहर व काउंटी यांचा एक कारभार : शेतकऱ्यानें काय पाहावें ?

शहराची वाढ व शेजारच्या खेड्यांचा कारभार यांचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न आतां केवळ शहरवासीयांचा राहिलेला नाहीं. शहर वाढूं लागलें म्हणजे प्रथम सडकेच्या कडेची जमीन बिनशेती होते, मग ओढ्याकांठीं वसाहती उभ्या राहतात, आणि शेवटीं एके दिवशीं गांवची हद्द शहराच्या हद्दींत गेल्याचें वर्तमान येऊन थडकतें. त्या दिवसापासून शेतकऱ्यापुढें दोन प्रश्न उभे राहतात. कर किती वाढणार, आणि त्या कराच्या मोबदल्यांत आपल्या वाट्यास काय येणार ? या प्रश्नांचें एक विशिष्ट उत्तर अमेरिकेंतील कांहीं ठिकाणीं शोधण्यांत आलें आहे. शहराचें व भोंवतालच्या काउंटीचें अशीं दोन निरनिराळीं सरकारें मोडून दोहोंचें मिळून एकच स्थानिक सरकार स्थापावयाचें, अशी ती रीत आहे. तिचा गुणदोषांसह परिचय वाचकांस करून देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

काउंटी म्हणजे काय, हें आधीं सांगितलें पाहिजे. अमेरिकेंतील प्रत्येक संस्थानाचे कारभारासाठीं जे विभाग पाडलेले असतात, त्यांस बहुतेक ठिकाणीं काउंटी म्हणतात. आपल्याकडील जिल्हा किंवा मोठा तालुका डोळ्यांपुढें आणला म्हणजे तिची कल्पना येईल. फरक इतकाच कीं, काउंटीचे मुख्य अधिकारी लोकांनीं निवडून दिलेले असतात, आणि जमीन व घरें यांवर कर बसविण्याचा अधिकार तिला असतो. न्यायकचेऱ्या, तुरुंग, ग्रामीण रस्ते, मिळकतींची आकारणी हीं तिचीं कामें. शहर हें काउंटीच्या पोटांतच असतें, परंतु त्याचें नगरमंडळ निराळें, कर निराळा व नोकरवर्गही निराळा. त्यामुळें शहरांतील मनुष्य दोन्हीकडे कर भरतो व बाहेरील शेतकरी एकाच ठिकाणीं भरतो. शहरवासी म्हणतो, मी काउंटीला कर देतों, पण तिचे शिपाई माझ्या गल्लींत येत नाहींत. बाहेरचा म्हणतो, शहराचें मला काय करावयाचें आहे ? या दोघांच्या मध्यें एक तिसरा वर्ग उत्पन्न होतो. तो शहरांत धंदा करितो, शहराचे रस्ते व बागा वापरतो, पण घर मात्र हद्दीबाहेर बांधतो. भांडणाचें मूळ बहुधा या तिसऱ्या वर्गांत असतें.

टेनेसी संस्थानांतील नॅशव्हिल शहर व डेव्हिडसन काउंटी यांचें उदाहरण या बाबतींत फार बोधप्रद आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर या शहराबाहेर वसाहती झपाट्यानें वाढल्या. घरें झालीं, पण गटारें नव्हतीं. प्रत्येक घराच्या अंगणांत मैलापाण्याचें टांकें पुरलेलें असे, आणि त्या मुलुखांत थोड्याच खोलीवर चुनखडीचा खडक लागत असल्यामुळें तें पाणी जमिनींत नीट जिरत नसे. आगीचे बंब खासगी कंपन्यांचे असत व ते वर्गणीदारांपुरतेच धांवत. शाळांचीं खातीं दोन, आरोग्यखातीं दोन, अशी सगळीच दुहेरी मांडणी होती.

सन १९५८ मध्यें एकीकरणाची योजना लोकांच्या मतास टाकण्यांत आली. त्या संस्थानांतील नियम असा कीं, शहरांतील मतदारांचें बहुमत निराळें व शहराबाहेरील मतदारांचें बहुमत निराळें मोजावयाचें, आणि दोन्हीकडे योजना मान्य झाली तरच ती अमलांत आणावयाची. शहरानें होकार दिला, बाहेरच्यांनीं नकार दिला, व योजना बारगळली. पण गोष्ट येथेंच संपली नाहीं. १९५५ च्या एका कायद्यानें शहरास रहिवाशांचें मत न घेतां केवळ आपल्या ठरावानें हद्द वाढविण्याचा अधिकार मिळालेला होता. त्या अधिकाराच्या बळावर शहरानें भोंवतालचा मुलूख आपल्यांत ओढण्यास आरंभ केला. १९६० सालीं तर सुमारें ४२ चौरस मैलांचा प्रदेश व ८०,००० हून अधिक लोक शहराच्या हद्दींत घेण्यांत आले. शिवाय शहराचे रस्ते वापरणाऱ्या मोटारींवर, मग त्या बाहेरच्यांच्या कां असेनात, १० डॉलरांची पट्टी बसविण्यांत आली. तेव्हां बाहेरच्या लोकांच्या ध्यानांत आलें कीं, नकार दिल्यानें पूर्वींची स्थिति कायम राहते असें नाहीं. कर आधीं आणि गटार केव्हां तरी मागाहून, असा मामला त्यांच्या वाट्यास आला होता. १९६२ च्या जून महिन्यांत दुसऱ्यांदा मतदान झालें. त्या वेळीं शहर व बाहेरील भाग या दोहोंनींही योजना मान्य केली, आणि १ एप्रिल १९६३ रोजीं नवें एकत्र सरकार सुरू झालें. आधींच्या काउंटी सरकारचे प्रमुख बेव्हर्ली ब्रायली हे त्याचे पहिले मेयर झाले.

या योजनेंतील शेतकऱ्यानें लक्षांत ठेवण्यासारखा भाग म्हणजे तिची दोन पट्ट्यांची व्यवस्था. सरकार एक, पण कराचे विभाग दोन. सर्व काउंटीचा, म्हणजे सुमारें ५०० चौरस मैलांचा, एक सर्वसाधारण विभाग. शाळा, आरोग्य, न्याय, रस्ते, वाचनालयें, पोलीस यांचा खर्च या विभागाच्या करांतून होतो व तो कर सर्वांनीं भरावयाचा. त्याच्या पोटांत दुसरा शहरी विभाग. रस्त्यावरील दिवे, केरकचरा उचलणें, रस्ते झाडणें, आगीपासून अधिक संरक्षण अशा ज्या सोयी दाट वस्तीलाच लागतात, त्यांसाठीं या विभागांतील लोकांनीं अधिक कर द्यावयाचा. दोहोंचे हिशेब वेगळे ठेविले जातात.

एक कल्पित उदाहरण घेऊं. शंभर रुपयांच्या आकारणीवर सर्वसाधारण कर ३ रुपये व शहरी कर १ रुपया आहे असें समजा. शहराच्या चौकांतील दुकानदार ४ रुपये देईल. दहा मैलांवरील शेतकरी ३ रुपयेच देईल, कारण त्याच्या बांधावर दिवा नाहीं व त्याचा केर कोणी उचलीत नाहीं. उद्यां त्याच्या शिवाराभोंवतीं वस्ती झाली तर तो भाग शहरी विभागांत घेतां येतो, पण तेथेंही सनदेनें अट घातली आहे. त्या भागास शहरी सोयींची गरज उत्पन्न झालेली असली पाहिजे, आणि नवा कर देय झाल्यापासून एक वर्षाच्या आंत त्या सोयी पुरविण्यास सरकार समर्थ असलें पाहिजे. सोय व कर यांची अशी कायद्यानें गांठ मारणें, हें आमच्या मतें या योजनेचें खरें सार आहे.

तथापि कराचा दर हा प्रश्नाचा अर्धाच भाग होय. दुसरा अर्धा भाग आकारणीचा. शहर जवळ आलें म्हणजे जमिनीची बाजारभावानें किंमत वाढते, आणि त्या किमतीवर कर बसला तर दर न वाढतांही शेतकरी बुडतो. ज्वारी पिकविणाऱ्या शेतास बंगल्याच्या जागेचा भाव लावला तर पीक विकून कर फिटणार कसा ? टेनेसी संस्थानानें यावर १९७६ सालीं कायदा केला. किमान १५ एकर जमीन प्रत्यक्ष शेतीखालीं असेल व मालकानें तसा अर्ज केला तर तिची आकारणी बाजारभावानें न होतां शेती म्हणून जी किंमत येईल तिच्यावर होते. पुढें ती जमीन बिनशेती झाली तर मागील तीन वर्षांची वांचलेली करांची रक्कम भरावी लागते. एकीकरणाच्या सनदेंत असें संरक्षण नसतें. तें निराळ्या कायद्यानें मिळवावें लागतें.

जमीन राखण्याच्या बाबतींत केंटकी संस्थानांतील लेक्सिंग्टन शहर व फेयेट काउंटी यांचा अनुभव अधिक उपयोगाचा आहे. हा मुलूख घोड्यांच्या पैदाशीसाठीं व एके काळीं तंबाखूसाठीं प्रसिद्ध. तेथें १९५८ सालींच शहरी सोयींची एक मर्यादारेषा आंखण्यांत आली. तिच्या आंत गटारें व दाट वस्ती, बाहेर शेती. १९७२ सालीं एकीकरण लोकांनीं मोठ्या बहुमतानें मान्य केलें व १ जानेवारी १९७४ पासून तें अमलांत आलें. एकच सरकार असल्यामुळें रेषेच्या आंतील व बाहेरील जमिनीचा विचार एकाच मंडळास करावा लागतो, आणि शहरानें नकार दिल्यास बांधणारानें काउंटीकडे जावें, ही पळवाट उरत नाहीं.

परंतु नुसती रेषा आंखून जमीन वांचत नाहीं. रेषेबाहेर घर बांधण्यास १० एकरांचा तुकडा पुरेसा ठेविला होता, तेव्हां धनिकांनीं दहा दहा एकरांचे तुकडे घेऊन वाडे बांधले व शेती मोडली. म्हणून १९९९ सालीं ही मर्यादा ४० एकर करण्यांत आली. २००० सालापासून शेतावर घरें बांधण्याचा हक्कच सरकारनें पैसे देऊन विकत घेण्याची योजना निघाली. जमीन शेतकऱ्याच्याच मालकीची राहते, ती तो विकूं शकतो व मुलांस देऊं शकतो, पण तिचे प्लॉट पडत नाहींत. या रीतीनें ३०,००० एकरांहून अधिक जमीन राखली गेली आहे. रेषा मात्र अढळ नाहीं. १९९६ सालीं ती सरकविण्यांत आली, आणि २०२३ सालीं पुनः ती वाढविण्याचा निर्णय झाला. वस्तीचा रेटा सतत असतो, आणि रेषेची राखण दर पिढीस नव्यानें करावी लागते.

आतां या रीतीच्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत. पुष्कळदां पुरस्कर्ते सांगतात कीं, दोन कचेऱ्यांची एक झाली म्हणजे खर्च घटेल. हें खात्रीनें म्हणतां येत नाहीं. दोन नोकरवर्ग एक झाले म्हणजे पगार बहुधा जास्तीकडे जुळविले जातात, कमीकडे नव्हे. आणि ज्यांस आजवर सोयी नव्हत्या, त्यांस त्या द्याव्या लागतात. दुसरी उणीव प्रतिनिधित्वाची. मोठ्या मंडळांत थोड्यांचें मत बुडतें. नॅशव्हिल येथें कृष्णवर्णीय नागरिकांस हीच भीति होती, कारण शहरांतील त्यांचें वाढतें बळ एकीकरणानें घटणार होतें. म्हणून तेथील मंडळ ४० सभासदांचें करून त्यांतील ३५ स्वतंत्र विभागांतून निवडण्याचें ठरलें. शेतकरीही शहराच्या तुलनेंत संख्येनें थोडेच असतात. तेव्हां विभागवार निवडणूक हें त्यांचेंही संरक्षण आहे. अमेरिकेंत ३,००० हून अधिक काउंट्या असून त्यांतील सुमारें ४० ठिकाणींच असें एकीकरण झालें आहे, यावरून लोक याविषयीं किती सावध आहेत हें दिसून येईल.

मात्र तुटून राहण्याचीही किंमत असते. मिसूरी संस्थानांतील सेंट लुइस शहरानें १८७६ सालीं ग्रामीण भागाचा खर्च नको म्हणून काउंटीपासून फारकत घेतली. पुढें वस्ती व संपत्ति हद्दीबाहेर गेली, शहर आपल्याच कुंपणांत अडकलें, आणि पुनः एक होण्याचे प्रयत्न वारंवार फसले.

आपल्या महाराष्ट्रांत जिल्हा परिषद व महानगरपालिका एक करण्याची अशी रीत नाहीं. येथें गांवें शहरांत घेतलीं जातात. पुण्याच्या महानगरपालिकेंत २०१७ सालीं ११ व २०२१ सालीं २३ गांवें गेलीं. अशा वेळीं सरकार हरकती व सूचना मागवितें, पण गांवचें मत मोजीत नाहीं. २०१७ च्या गांवांपैकीं उरुळी देवाची व फुरसुंगी येथून वाढत्या कराच्या तक्रारी आल्या, आणि पुढें तीं दोन्ही वगळून त्यांची निराळी नगरपरिषद करण्यांत आली. नॅशव्हिलच्या दोन पट्ट्यांचा विचार आपल्या वाचकांनीं करावा असें आम्हांस वाटतें, तें याचसाठीं.

म्हणून हद्दवाढीची सूचना निघेल तेव्हां नुसता होकार किंवा नकार न देतां, मुदतीच्या आंत लेखी हरकत नोंदवून तींत पांच गोष्टी विचाराव्या. कोणती सोय कोणत्या वर्षीं येणार ? ती येईपर्यंत तिचा कर लागणार कीं नाहीं ? शेतजमिनीची आकारणी कोणत्या किमतीवर होणार ? शहराचें जुनें कर्ज कोणी फेडावयाचें ? आणि मंडळांत आपल्या विभागाचा सभासद निराळा निवडला जाणार काय ? एकट्या शेतकऱ्याच्या अर्जापेक्षां गांवच्या सोसायटीनें ठराव करून हे प्रश्न विचारले तर त्यांस वजन येईल. नॅशव्हिलच्या लोकांनीं पहिल्या खेपेस फक्त नकार दिला, व त्यानंतर जें झालें तें त्यांना न विचारतां झालें. दुसऱ्या खेपेस त्यांच्यापुढें अटी लिहिलेल्या होत्या, आणि त्या अटी आजही त्यांच्या सनदेंत आहेत.